डाव्या हाताचं सूत

फाल्गुनात एका दुपारी अंगद धनगर आला आणि लोकरीचं पोतं ओट्यावर टाकून उभाच राहिला.

"तात्या, हे शेवटचं जावळ. आमुशाच्या आत मेंढरं जातेत."

"कुठं जातेत?"

"गंगथडीला. येका पार्टीनं समदी घेतली. पोरगं म्हनतं, शेळ्या करू, बोकडाला गिऱ्हाईक तरी हाय. लोकर कातरून बांधावर टाकायची तर कातरायची कशाला? त्याचंबी बरुबर हाय."

मी पोत्यात हात घातला. जावळ म्हणजे कोकराची पहिली लोकर. कोकरू जन्माला आल्यावर एकदाच ती मिळते. पुढच्या कातरणीपासून लोकर राठ होत जाते, अंगाला टोचते. जावळाची घोंगडी तान्ह्या लेकराखाली घातली तरी चालते. पण तिचं सूत कातणं अवघड. लोकर इतकी मऊ आणि आखूड की बोटांतून निसटून जाते.

"चहा घे," मी म्हणालो.

"नको. पुन्हा कधी. आता येनं तसं व्हायचं न्हाई म्हना," असं म्हणून अंगद गेला.

तिसगावच्या पुढं दोन कोसांवर आमचं गाव, आणि गावात ही सनगर आळी, घोंगड्या विणणाऱ्यांची. मी लहान असताना आळीत बारा माग होते. सकाळी बाराही मागांचे धोटे एकदम सुरू झाले की आळीत माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. आता एक माग आहे, माझा. आणि जावळाचं सूत कातणारी एकच बाई उरली आहे, माझ्या थोरल्या भावाची बायको, गोजरबाई. भाऊ जाऊन वीस वर्षं झाली. माझी बायकोही गेली. मी त्यांना वहिनी म्हणतो. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि त्यांनी मला न्हाऊ घातलेलं आहे. म्हणून मी पंच्याहत्तरीला आलो तरी त्या मला पुंजाच म्हणतात. आळी मला पुंजाराम तात्या म्हणते.

पोतं आत नेलं तेव्हा माझी सून सुकन्या भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच घेऊन ती उठून आली आणि पोत्यात वाकून बघत म्हणाली, "मामा, एका घोंगडीचं होईल का?"

"एका घोंगडीचंच होईल. वर मूठभरबी उरायचं न्हाई."

"मग ही माझ्या हातनं होऊ द्या."

तिचा नवरा, माझा मुलगा कानिफनाथ, सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीची गाडी चालवतो. जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आत तो बायकोला आणि संस्कृतीला, म्हणजे माझ्या नातीला, घेऊन जाणार होता. खोली बघून झाली होती. मी त्याला कधी अडवलं नाही. तो मागावर बसायचा नाही हे तो दहावीत असतानाच मला कळलं होतं. पण सुकन्याचं वेगळं होतं. तीन वर्षांपूर्वी माझे गुडघे धरले आणि मला मागापुढच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यात उतरणं जड जायला लागलं, तेव्हा ती आपण होऊन खड्ड्यात उतरली. आमच्यात बायका कातायच्या आणि पुरुष विणायचे. बाईनं मागावर बसल्याचं आळीत कोणी पाहिलं नव्हतं. माझा चुलतभाऊ आसाराम दारातून ओरडला होता, "तात्या, लोकं सुनंला डोक्यावर बसवतेत, तू पार खड्ड्यात घातली की रं!" सुकन्यानं धोटा न थांबवता उत्तर दिलं होतं, "आसाराम मामा, तुमीबी या, जागा हाय."

जाड्या सुताच्या चार घोंगड्या तिनं विणल्या. विणकाम तिच्या हातात बसलं. राहिलं होतं ते बारीक सूत कातणं, ताणा, म्हणजे उभे धागे, लावणं आणि ताण्याला खळ देणं. ही तीन कामं आली की तिला कोणाची गरज उरणार नव्हती.

"सुप्याला खोलीच्या मागं मोकळा माळ हाय," ती त्या दिवशी म्हणाली. "मी ह्यांना फोटू काढून आनायला लावलं हुतं. दोन खुंट्या ठोकल्या की ताणा लागतोय. माग टेम्पोतनं न्यायचा. खड्डा खांदायला घरमालकानं हो म्हनलंय. पन मामा, मी अर्धवट शिकून न्हाई नेनार. येकदा लोकरीपासनं शेवटपतूर समदं माझ्या हातानं करते. झालं तर माग माझ्यासंगं येईल. न्हाई झालं तर इथंच ऱ्हाऊ दे."

मी हो म्हणालो. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

वहिनींनी जावळ पिंजून पेळू केले आणि कातायला बसल्या. शिमग्यापर्यंत निम्मं सूत झालं होतं. सुकन्या त्यांना आत्याबाई म्हणते; कामं आटोपली की ती त्यांच्याजवळ बसून बघायची. वहिनी शिकवण्याच्या बाबतीत फटकळ. "बघत बस. तोंडानं इचारून सूत निघत आस्तं तर समद्या गावानं कातलं आस्तं," असं त्या म्हणायच्या.

धुळवडीनंतर तिसऱ्या दिवशी वहिनी चुलीपाशी पडल्या. जीपमध्ये घालून पाथर्डीला नेलं. तोंड थोडं वाकडं झालं होतं, ते चार दिवसांत सरळ झालं. डॉक्टर म्हणाले, हलका झटका होता, उजवा हात हळूहळू कामाला लागेल, पण घाई करू नका. घरी आणल्यावर आठ दिवस त्या खाटेवर होत्या. मी पोत्यात उरलेल्या पेळूंकडे बघून घ्यायचो.

नवव्या दिवशी सकाळी आतल्या खोलीतून चरख्याची घरघर ऐकू आली. मी दारापर्यंत गेलो. वहिनींच्या खोलीत मी सहसा जात नाही, उंबऱ्याबाहेरूनच बोलतो.

"वहिनी, हात कसाय?"

"चाललाय की. ऐकू येत न्हाई का?"

"दमानं घ्या."

"तू तुझ्या गुडघ्यांचं बघ."

मला इतकं बरं वाटलं की मी आणखी काही विचारलं नाही. पुढं दीड महिना चरखा चालू राहिला. सुकन्या कातलेल्या सुताच्या कुकड्या बाहेर आणून द्यायची. मी एकेक कुकडी हातात घ्यायचो, धागा अंगठ्याच्या नखावरून ओढून जाडी बघायचो. सारखा, बारीक, कुठं गाठ नाही. वहिनींचं सूत म्हणजे वहिनींचं सूत. त्यात चार कुकड्या सुकन्याच्या होत्या, आणि त्याही इतक्या चांगल्या की मला वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. मी तिला तसं सांगितलं. ती दिवसभर गुणगुणत होती.

अक्षय तृतीयेनंतर सुकन्यानं ताणा लावला. ताणा लावताना एक कुकडी संपली की दुसरी जोडावी लागते. तो सांधा गाठीचा नसतो. गाठ मागाच्या फणीत अडकते आणि धागा तोडते. दोन्ही टोकं शेजारी धरायची, ओली करायची, दोन तळहातांत धरून एकत्र वळायची आणि ते वळलेलं शेपूट धाग्याच्या अंगावर निजवायचं. तळहात वळताना उजवा पुढं लोटायचा. मी तिला चारदा करून दाखवलं.

"पुढंच का मामा?"

"पुढंच. मागं न्हाई."

"आन् मागं केलं तर?"

"कशाला करायचं मागं? सांगतोय तसं कर."

माझ्या बापानं मला जेवढं सांगितलं तेवढंच मी तिला सांगितलं.

खळ द्यायचा दिवस ठरला. चिंचोके दोन दिवस भिजवून, वाटून, शिजवून सुकन्यानं खळ केली. बोटांवर घेऊन मी बघितली, बोटं लांब केली की तार निघत होती. खळ उत्तम होती. उन्हाळ्यात हे काम उजाडता उजाडता उरकावं लागतं, कारण ऊन चढलं की खळ धाग्यावर सारखी बसायच्या आत वाळते आणि धागे एकमेकांना चिकटतात. ताणा पूर्ण ताणून धरायला लांब मोकळी जागा लागते. पूर्वी आळीत दोन्ही टोकांना दगडी खुंट होते. दोन वर्षांपूर्वी सिमेंटचा रस्ता झाला, त्यात ते गेले. म्हणून आम्ही एक टोक विजेच्या खांबाला बांधलं आणि दुसरं शेजारच्या आबासाहेबांच्या उसाच्या ट्रॉलीला.

"ट्रॉली पुढं घिऊ नका म्हनावं आबासाहेबाला," आसाराम खळ ओढायचा कुंचा हातात घेत म्हणाला. "न्हाईतर ताणा थेट शुगर फॅक्टरीत जायचा." तिसगावच्या फाट्यावरचं त्याचं चहाचं हॉटेल त्यानं त्या दिवशी बंद ठेवलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी त्यानं माग मोडून लाकूड जाळलं होतं, पण कुंचा धरायला तो कधी नाही म्हणत नाही. ताण्याच्या दोन्ही अंगांना दोन माणसं लागतात, एका चालीनं पाऊल टाकत, एका दमात कुंचा ओढत. मी चालू शकत नव्हतो. म्हणून एका अंगाला आसाराम, दुसऱ्या अंगाला सुकन्या, आणि मी खुर्ची टाकून बसलो. ऊसतोडीला गेलेली घरं परत आली होती, त्यामुळं आळी भरलेली होती. बायामाणसं तोंडात मिसरी घालून ओट्यांवर बसली होती. पोरं खळीच्या पातेल्याभोवती जमली होती. कितीतरी वर्षांनी आळीत जावळाचा ताणा लागला होता.

पहिली फेरी नीट झाली. सुकन्याचं पाऊल आसारामच्या पावलाला धरून होतं. मी मनात म्हटलं, झालं. आता हे काम सुप्याला पोचलं.

दुसऱ्या फेरीला खांबाकडच्या बाजूला एक धागा सुटला आणि उसळून वर आला. मग त्याच्या शेजारचा. सुकन्या थांबली.

"थांबू नको," मी ओरडलो. "सांधून घे आन् चाल."

तिनं सांधला. तो सांधा कुंचा लागला की सुटला. तिसऱ्या फेरीला दहा-बारा धागे लोंबत होते. सगळे सांध्यावर सुटलेले. ओल्या खळीत ते शेजारच्या धाग्यांना चिकटायला लागले. ऊन ट्रॉलीच्या वर आलं होतं.

मी खुर्चीतून उठलो. गुडघ्यांचं भान राहिलं नाही.

"हात कुठं ठेवून सांधले गं? किती येळा सांगितलं, पुढं वळायचं म्हनून? अडीच महिने लोकरीमागं लागलोय आन् तू सांध्यात माती केली!"

"मी पुढंच वळलंय, मामा."

"पुढं वळलं तर सुटंल कसं? बाजूला हो."

सगळी आळी बघत होती. मी दोन टोकं घेतली, खळीत बोट बुडवून ओली केली, तळहातांत धरली आणि वळली. साठ वर्षं हे केलंय. झोपेत सांगितलं तरी करेन. शेपूट निजवलं आणि म्हणालो, "आसाराम, मार कुंचा."

आसारामनं कुंचा ओढला. सांधा उलगडला.

"अरारा," आसाराम म्हणाला. "तात्या, तुझाबी हात सुनंसारखाच झाला की!"

ओट्यांवरच्या बाया हसल्या. मी पुन्हा केला. पुन्हा उलगडला. मग मी ते टोक दोन बोटांत धरलं आणि हळूच फिरवलं. उजवीकडं फिरवलं की आमचा धागा आवळतो. हा धागा मोकळा होत होता. लोकरीचे तंतू एकमेकांपासून सुटून बोटांवर पसरले. मी डावीकडं फिरवलं. धागा आवळला.

शेजारचा धागा बघितला. तो बरोबर होता. त्याच्या पलीकडचा उलटा. मी वाकून वाकून बघत गेलो. पहिल्या कुकड्या सुलट, नंतरच्या सगळ्या उलट, आणि ताण्यात त्या एकमेकींत मिसळलेल्या. निम्म्या ताण्याचा पीळ एकीकडं, निम्म्याचा दुसरीकडं. जिथं दोन्ही भेटत होते तिथं कोणताही सांधा टिकणार नव्हता, कोणीही केला तरी.

खळ वाळायला लागली होती. धागे जुड्यांनी चिकटत होते. खळ चढलेलं जावळ पुन्हा उकलत नाही, धुतलं तर त्याचा गोळा होतो.

"काय झालं?" आसारामनं विचारलं. आता तो हसत नव्हता.

"काई न्हाई," मी म्हणालो. "ऊन झालं."

मी सुकन्याला खुणेनं घराच्या मागं बोलावलं. पाण्याच्या टाकीपाशी ती येऊन उभी राहिली. हात कोपरापर्यंत खळीनं माखलेले.

"वहिनी कोणत्या हातानं काततेत?"

तिनं हातावरची खळ निपटली. मग म्हणाली, "शिमग्यापासनं डाव्यानं. उजवा उचलतच न्हाई, मामा. गिलासबी उचलवत न्हाई, मांडीवरनं सरकवत पेळू तेवढा धरतेत. मीच चरखा फिरवून चाक डाव्या अंगाला करून दिलं. मला म्हनल्या, पुंजाला सांगू नको, त्यो चरखा काढून घेईल."

"आन् तू न्हाई सांगितलं."

"काय सांगायचं हुतं?" तिचा आवाज चढला. "सूत चांगलं हुतं. तुमीच नखावर घिऊन चांगलं म्हनला. हात डावा का उजवा, सूत निघाल्याशी कारन. पीळ कुनीकडं जातो त्यानं फरक पडतो हे मला कोन बोललं? आत्याबाई बोलल्या? तुमी बोलला? मी तुमाला इचारलं हुतं, मागं वळलं तर काय हुतं. तुमी म्हनला, सांगतोय तसं कर."

आमच्या आळीत सगळे चरखे एका अंगालाच असायचे. एखादी पोर डावखुरी निघाली तर आई तिचा डावा हात पदराला बांधायची आणि उजव्यानं कातायला बसवायची. का, ते कोणी सांगत नव्हतं आणि कोणी विचारत नव्हतं. सगळ्यांचं सूत एकाच बाजूला वळलेलं असायचं, म्हणून दुसरी बाजू आहे हेच आम्ही विसरून गेलो होतो. मला ती माहीत होती का? आज धागा बोटांत फिरेपर्यंत मीही ती शब्दांत कधी आणली नव्हती.

"तू कसं काततेस?" मी विचारलं.

तिच्या डोळ्यांत ते हळूहळू आलं. तिनं हवेत हात धरले, जसे चरख्यावर धरतात तसे. डाव्या हातानं चाक, उजव्या हातात पेळू. वहिनींच्या शेजारी बसून ती हातानं जे शिकली होती ते सगळं आजारपणानंतरचं होतं.

"म्हंजी माझंबी उलटंच," ती म्हणाली.

"व्हय."

"मग आता?"

मी म्हणायला हवं होतं की पुन्हा शिकवतो. पण कशावर शिकवणार? अंगदची मेंढरं गंगथडीला गेली होती. ज्या हातानं बरोबर कातून दाखवायचं तो हात खाटेवर पडून होता. मी स्वतः कधी कातलेलं नाही, ते बायकांचं काम. आणि जून तीन आठवड्यांवर आला होता.

तेवढ्यात पुढच्या दारातून वहिनींचा आवाज आला. काठी टेकत त्या ओट्यापर्यंत आल्या होत्या. आठ-पंधरा दिवसांत पहिल्यांदाच बाहेर. उजवा हात पदराखाली झाकलेला.

"ताणा का सोडवताय रं? पुंजा! काय झालं?"

मी पुढं आलो. आळी अजून बसलेलीच होती. आसाराम खांबापाशी गाठ सोडत होता, तो थांबला. वहिनी माझ्याकडं बघत होत्या. डाव्या हाताचा पीळ उलटा जातो हे त्यांना माहीत होतं का? मी आजही सांगू शकत नाही. त्यांचा चेहरा भ्यालेल्या माणसासारखा होता, एवढं खरं.

मी तोंड उघडलं. माझा शब्द फुटायच्या आत सुकन्या म्हणाली, "आत्याबाई, माझ्या हातनं चुकलं. सांधे कच्चे ऱ्हायले."

वहिनींनी थोडा वेळ तिच्याकडं बघितलं. मग त्या ओट्यावर बसल्या आणि बोलायला लागल्या. आजारपणानंतर जीभ थोडी जड झाली होती, पण शब्द सगळ्या आळीला ऐकू जात होते.

"साठ वरसांत माझ्या सुताचा येक ताणा वाया गेला न्हाई. येकबी न्हाई. ह्या पुंजाला इचारा. दीड महिना बसून कातलं, ह्या जिवानं, आसल्या दुखन्यात. आन् हिनं येका सकाळी रस्त्यावर घातलं. मी म्हनत हुते, बाईचं काम न्हाई ते. हात आसावा लागतो. हिला हात न्हाई. मोबाईलवर फिरवायला बोटं चांगली चालतेत. मागाला नको लावू हिला, पुंजा. कदी लावू नको."

ओट्यांवरून कोणीतरी च्-च् केलं. कोणीतरी म्हणालं, "आता म्हाताऱ्या मानसाचं मन तरी किती मोडायचं." सुकन्यानं पदर पुढं ओढला आणि ट्रॉलीकडचं टोक सोडायला गेली.

मला तेव्हा बोलता आलं असतं. वहिनींना दुखवायचं नव्हतं, हे खरं. चरखा गेला तर त्या चार दिवस काढणार नाहीत, असंही वाटलं. पण आणखी एक गोष्ट होती, ती लपवून काय करू? मी सगळ्यांसमोर सुनेवर ओरडलो होतो आणि पीळ न बघता सूत घेणारा मीच होतो. ती चूक तिनं आपण होऊन उचलली, आणि मी ती तिच्या हातात राहू दिली.

ताणा गुंडाळून मी माळ्यावर टाकला. त्याची काठी झाली होती, वाकवला तर कडकड मोडत होता.

पुढचे तीन आठवडे सुकन्या सगळी कामं करत होती. वहिनींना न्हाऊ घालायची, त्यांचा डावा हात दुखला तर चोळून द्यायची. मागाकडं गेली नाही. एकदा संस्कृती नळावरून रडत आली. पोरी तिला म्हणाल्या होत्या, तुझ्या आईनं ताणा बुडवला. सुकन्या तिला म्हणाली, "बुडवला तर बुडवला. तू घागर भरली का?"

जूनच्या पहिल्या आठवड्यात कानिफनाथ टेम्पो घेऊन आला. भांडी, गादी, कपाट चढलं. मी मागाची लाकडं आधीच सोडवून, दोरीनं बांधून दारात ठेवली होती. फणी वेगळ्या फडक्यात गुंडाळली होती.

सुकन्या दारात थांबली.

"हे कशाला मामा?"

"संगं ने. तिकडं माळ हाय म्हनली हुतीस."

"माळ हाय. पन माझं काय ठरलं हुतं? शेवटपतूर झालं तर न्यायचं."

"तुझी चूक न्हवती."

"मला म्हाईत हाय. तुमाला म्हाईत हाय. अजून कुनाला म्हाईत हाय?"

मी फणीच्या फडक्याची गाठ पुन्हा आवळली.

"आत्याबाईंना कळू द्यायचं न्हवतं, ते मीच केलं. त्याचं मला काई न्हाई," ती म्हणाली. "पन आसाराम मामांना तरी सांगायचं. हॉटेलात बसून त्यांनी चार मानसांत बोललं आस्तं. येवढं झालं आस्तं तरी मी माग नेला आस्ता. न्हाईतर जाड्या लोकरीनं शिकले आस्ते, कुनालातरी इचारून, कुठंतरी जाऊन. आता मागावर बसले तर मला तुमी खुर्चीतनं उठताना दिसता."

"मी सांगतो. आज सांगतो आसारामला."

"आता कशाला?" ती म्हणाली, आणि वाकून माझ्या पाया पडली. मग आत जाऊन वहिनींच्या पाया पडली. वहिनींनी तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला.

टेम्पो गेल्यावर मी फाट्यावर जाऊन आसारामला सगळं सांगितलं. त्यानं चहाची किटली खाली ठेवली. मग म्हणाला, "मला त्याच दिवशी कळलं हुतं, तात्या. धागा मीबी बोटात फिरवला हुता. म्हनलं, तू बोलशील."

मागाची लाकडं मी पुन्हा आत नेली, पण बसवली नाहीत. एक गोष्ट मात्र लक्षात आली. सगळंच सूत डाव्या पिळाचं असलं आणि सांधेही मागं वळून केले, तर घोंगडी व्हायला काहीच अडचण नाही. उलटी का होईना, होईल. म्हणून मी मागं वळून सांधायला शिकायला बसलो. आषाढभर बसलो. दहा सांधे केले तर त्यातल्या सात-आठांत हात पुढंच जातो. मी हाताकडं बघत असतो, त्याला मागं ये म्हणत असतो, आणि तो पुढं जातो. डोळे मिटून केलं तर दहाच्या दहा पुढं.

सुकन्या सुप्याला एका पॅकिंगच्या कंपनीत लागली आहे. रविवारी कानिफनाथ फोन लावतो आणि ती माझ्याशी बोलते. वहिनींच्या गोळ्या, दूधवाला, गावातलं पाणी. सुताचा विषय ती काढत नाही आणि मीही काढत नाही. एकदा मी विचारलं, मागचा माळ कसाय. ती म्हणाली, तिथं आता कंपनीची पार्किंग झाली.

वहिनी अजून काततात. माळ्यावर जुनी जाड लोकर होती, तीच पिंजून दिली आहे. आठवड्याला दोन कुकड्या होतात. मी त्या उंबऱ्याबाहेरून घेतो आणि माझ्या खाटेखालच्या पोत्यात टाकतो. पोतं भरत आलं आहे. परवा कुकडी देताना त्यांनी विचारलं, "ताणा कधी लावतोस?"

"पाऊस उघडला की लावू."

"सांधायला कोन हाय?"

"आसाराम येतो म्हनलाय."

"त्या पोरीला नको बोलवू."

"न्हाई बोलवत, वहिनी," मी म्हणालो.